वीसपैकी सव्वीस

"वीसपैकी सव्वीस? अगं, वीसपैकी सव्वीस पडतातच कसे? खोडून लिहिलेस ना?"

"पप्पा, खोडलेलं दिसतंय का कुठे? बाईंनीच दिलेत."

"लिफ्टवर आठ माणसं लिहिलं की आठच. नववा चढला की ती जागची हलत नाही. वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय मी, मला नको शिकवू."

पप्पांनी फ्रेंचचा पेपर उजेडात धरला, उलटा करून पाहिला, नखाने खरवडला. मग निकाल लागला, "उद्यापासून फ्रेंच बंद."

पोरगी नववीत. सगळ्या शाळेत तिला जीव लावावासा वाटतो तो हा एकच विषय. ती रडली नाही, नुसते दात-ओठ खात बसली. मोठा भाऊ म्हणून मी मध्ये पडलो, तर "तू शाळा सोडलीस, तू गप्प बस." मग माझंही डोकं फिरलं. आई म्हणाली, "भांडा, पण भिंतीला ऐकू जाईल एवढंच. शेजाऱ्यांना नको."

पप्पांनी बसल्या बैठकीला अर्ज लिहिला. फ्रेंचच्या बाई फुकट मार्क वाटतात, चुकांना बक्षीस देतात, मुलांना आळशी करतात, पालकांना फसवतात, सबब माझी मुलगी उद्यापासून वर्गात बसणार नाही. सकाळी कामावर जायच्या आधी थेट शाळेत. मीही मागोमाग, पोरीच्या बाजूने कुणीतरी हवं.

बाई पेपर तपासत होत्या. टेबलावर लाल पेन नाही, नुसत्या पेन्सिली. प्रत्येक पेपरचा नावाचा कोपरा दुमडून टाचलेला.

"नाव दिसलं की हात सैल होतो माझा," त्या म्हणाल्या. "आणि चूक मी सांगत नाही, खाली नुसती रेघ मारते. चुकीचा अर्धा मार्क जातो. पण मुलाने ती स्वतः शोधली, का झाली ते लिहिलं, की एक मिळतो."

पप्पांनी बोटांवर हिशोब केला. "म्हणजे जितक्या जास्त चुका, तितके जास्त मार्क? पोरं मुद्दाम चुकतील की."

"तुमच्या मुलीने तेच केलं. मुद्दाम बारा चुका. पण मुद्दाम चुकायचं तर आधी बरोबर काय ते यावं लागतं ना? दोन आठवडे घासत होती."

या बाईला मी मनातल्या मनात हात जोडले.

पप्पा अर्ज टेबलावर ठेवून आले. संध्याकाळी तो पोरीबरोबर परत आला. नावाचा कोपरा दुमडून टाचलेला, आणि पाच ठिकाणी पेन्सिलीची रेघ.

"यात काय चुकलंय गं?" पप्पांनी हळूच विचारलं.

"मी सांगितलं तर तुमचा मार्क जाईल." पोरीने आपला पेपर तेवढा पुढे सरकवला.

फ्रेंच त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण चुकांची कारणं मराठीत होती. काल मार्कांच्या नादात ती वाचलीच नव्हती. एक त्यांनी मोठ्याने वाचलं, "पाहुण्यांशी दोस्तासारखं बोलले, म्हणून चूक. आपणही मामांना 'ये रे' म्हणत नाही." पप्पा हसले. मग बाराच्या बारा वाचली. जेवण थंड झालं, आईने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही.

मग स्वतःच्या अर्जावर वाकले. 'फुकट' खाली लिहिलं, 'न विचारता लिहिलं, म्हणून चूक.' 'आळशी' खाली, 'दोन आठवडे घासत होती, मी पाहिलंच नाही.' असं करत चार कारणं झाली. 'वर्गात बसणार नाही' खाली बराच वेळ पेन धरून बसले आणि लिहिलं, 'बसेल.' पोरगी तिकडे पाठ करून पुस्तक वाचायचं नाटक करत होती, पान एकही उलटत नव्हतं.

काल अर्ज तपासून आला. दहापैकी साडेअकरा. 'बसेल' पुढे बाईंनी लिहिलं होतं, 'हे उत्तर झालं. कारण कुठे आहे?'

"पोरगी बसेल म्हणालो, आणखी काय कारण पाहिजे?" पप्पा सकाळपासून गरम आहेत. "एक मार्क कापला माझा. साडेबारा व्हायला हवे होते."

"मग कारण लिहा ना," आई म्हणाली.

"लिहिलंय. अर्धं पान लिहिलंय. आता बाईंना वाचायला लावतो."

इस्त्रीचा शर्ट घातलाय, अर्ज प्लॅस्टिकच्या पिशवीत घेतलाय, आणि जिन्यातून मला हाका मारतायत. साक्षीदार पाहिजे म्हणे. मला निघायला हवं आता.