सव्वा वीत फट

कापड बेतण्यात माझा हात धरणारं आमच्या अख्ख्या गल्लीत कोणी नाही! घराच्या पुढच्या खोलीत माझं पडद्यांचं दुकान आहे आणि गेली कित्येक वर्षं लोकांच्या खिडक्यांची अब्रू मी झाकत आले आहे. त्यात आता मला कंप्युटर येतो. नुसता चालू-बंद करता येतो असं नाही हं. त्याच्याशी बोलता येतं!

हा कंप्युटर माझ्या नणंदेच्या ऑफिसनं टाकून दिलेला. वन्संनी तो रिक्षात घालून आणला आणि माझ्या कापायच्या टेबलावर आदळला. "वहिनी, शीक. नाहीच जमलं तर याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेव." मी जिद्दीला पेटले. पुस्तकं चाळली, व्हिडिओ पाहिले, आमच्या लेकीच्या शिव्या खाल्ल्या आणि शेवटी 'ऑक' नावाचं प्रकरण शिकले. काळ्या स्क्रीनवर एक ओळ लिहायची आणि एंटर मारायचा. मापांच्या फाईलमधून कापायच्या पट्ट्या अशा भराभरा बाहेर पडतात, जणू कोणी खुराड्याचं दार उघडलंय!

तर त्याच वन्संचं नाटक बसत होतं. आयुष्यभर त्या नाटकमंडळीत विंगेत उभं राहून दुसऱ्यांना वाक्यं पुरवत आल्या. या वेळी पहिल्यांदाच नाटक त्यांनी स्वतः लिहिलं होतं आणि बसवतही त्याच होत्या. विषय गंभीर. पहिल्या अंकाच्या शेवटी घरातला बाप आरामखुर्चीत मरतो. त्याची बायको मात्र रंगमंचावर येतच नाही. आतून फक्त तिची भांडी वाजतात.

"ती एकदाही दिसत नाही?" मी विचारलं.

"तेच तर नाटक आहे, वहिनी!"

बाप झाले होते आमचे हे. मरायचं काम त्यांना छान जमतं. रविवारी दुपारी घरी तालीम असतेच.

आणि पडदा माझ्याकडे. करडे आणि तपकिरी पट्टे आलटून पालटून, चुण्या नाहीत, दोन्ही पाखं मधोमध नेमकी भेटली पाहिजेत, असा वन्संचा हुकूम. "एवढं एक काम मी बाहेर देणार नाही," त्या म्हणाल्या, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे."

असं कोणी म्हटलं की माझ्या अंगात येतं. रंगमंचाची रुंदी सातशे पासष्ट सेंटिमीटर, पट्ट्या बत्तीस. मी ऐटीत एंटर मारला. उत्तर आलं, २३.९०६२५.

आता तुम्हीच सांगा, असलं माप कात्रीला कसं सांगायचं? तेवीस नऊ शून्य सहा... टेलिफोन नंबर आहे का तो! मला टापटीप आवडते. 'इंट' लावलं की टिंबाच्या पुढचा सगळा लवाजमा गळून पडतो, हे मला माहीत होतं. लावलं. स्वच्छ, गोंडस २३ आलं. शिलाईत जाणारं कापड वेगळं धरून बत्तीसच्या बत्तीस पट्ट्या कापल्या, शिवल्या आणि पडदा टांगायला पाठवून दिला.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी रंगीत तालीम होती. दोर ओढला. दोन्ही पाखं एकमेकांकडे अशी धावली की मला भरून आलं. आणि थांबली. मध्ये चांगली सव्वा वीत जागा सोडून थांबली! अबोला धरलेल्या जावांसारखी!

"वहिनी," वन्सं फार शांतपणे म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "हे काय आहे?"

"दोर नीट ओढला नसेल."

"दोर संपलाय."

"मग रंगमंच फुगला असेल. लाकूड आहे, उकाड्यात फुगतं."

फटीतून आमच्या ह्यांचा चेहरा दिसत होता. मेलेले असूनही त्यांनी मला हात केला.

मी कंप्युटर बरोबर घेऊनच गेले होते. विंगेत एका ट्रंकेवर मांडला. "घाबरायचं कारण नाही, मध्ये जोडपट्टी लावते. केवढी लावायची ते हा आत्ता सांगेल!" या वेळी मी शहाणपणा केला. इंट काढून टाकलं आणि जवळच्या पूर्ण अंकाला न्यायला सांगितलं. शिवाय कापडवाला मीटरनं कापड देतो म्हणून उत्तरही मीटरमध्येच मागितलं. एंटर!

उत्तर आलं, ०.

"काय म्हणतोय?" वन्संनी विचारलं.

"म्हणतोय... जोडपट्टी लागणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याच्या हिशेबानं फट नाहीये."

वन्सं उठल्या, पडद्यामागे गेल्या आणि त्यांनी फटीतून मान बाहेर काढली. "मग हे कोणाचं डोकं आहे?"

मी लेकीला फोन लावला. ती आधी भरपूर हसली. एवढं हसणं मी तिला वाढवताना कधी बघितलं नव्हतं.

"अगं आई, प्रत्येक पट्टीत जवळजवळ एक सेंटिमीटर तू उडवलंस. बत्तीस वेळा उडवलंस! झाले एकोणतीस. आणि आता मीटरमध्ये मागतेयस. पॉइंट एकोणतीस अर्ध्याच्या खाली आहे, तर तो शून्यच देणार ना?"

"पण डोळ्यांना दिसतेय गं एवढी मोठी फट!"

"त्याला डोळे नाहीत, आई. आधी सगळी आकडेमोड होऊ दे. कापायच्या वेळी, अगदी शेवटी, आकडा गोल कर."

हे शेवटचं वाक्य मी ऐकायला हवं होतं. पण तोवर माझं डोकं फिरलं होतं. खाली ओढतोस काय मेल्या? थांब, आता वरच नेते! टिंबाच्या पुढं काहीही असलं तरी वरचा पूर्ण अंक घे, असं मी त्याला ठणकावून सांगितलं. त्यानं निमूटपणे सांगितलं, १. एक मीटर.

कापडवाल्याकडून मीटरभर कापड आणवलं. जास्तीचं दुमडून टाकू, असा माझा बेत होता. पट्टी डाव्या पाखाला जोडून झाली आणि पहिली घंटा झाली. दुमडायला सुई ओवली आणि दुसरी झाली. सुई हातातून पडली, ती शोधता शोधता तिसरी झाली!

नाटक मात्र रंगलं. वन्सं विंगेत माझ्याशेजारी उभ्या होत्या. प्रत्येक वाक्यागणिक त्यांचे ओठ हलत होते, सवयच ती. आतली भांडी मीच वाजवत होते. बापानं शेवटचा श्वास घेतला, मान टाकली. सभागृहात कोणी नाक ओढलं. वन्संनी माझा हात घट्ट धरला. दोरवाल्यानं दोर ओढला.

जास्तीचं पाऊण मीटर कापड वरच्या रुळात गेलं, तिथे त्याचा बोळा झाला आणि पडदा कचकन अडकला. मध्ये किती जागा राहिली असेल? सव्वा वीत!

मागचा दिवा चालूच होता. पडदा पडला असं समजून आमचे हे मरणातून उठले, आळस दिला, कंबर चोळली आणि मोठ्यानं विचारलं, "चष्मा कुठाय माझा?"

सभागृह फुटलं! पुढच्या रांगा तर खुर्च्यांवरून घरंगळायच्या बाकी होत्या. मी वन्संकडे पाहिलं. चित्र पाण्यात पडलेल्या लहान मुलीसारखा त्यांचा चेहरा झाला होता.

मला पुढचं नीट आठवत नाही. मी धावले आणि फटीत जाऊन उभी राहिले, एवढं खरं. हातातला डाव तसाच, गळ्यात टेप, अंगावर दुकानातली दोरे चिकटलेली साडी. दोन हातांनी दोन्ही पाखांच्या कडा धरून ठेवल्या आणि लोकांकडे बघत राहिले. ऐन जेवणाच्या वेळी न सांगता आलेल्या पाहुण्यांकडे बघावं तशी.

मागून हे कुजबुजले, "अगं, चष्मा..."

"खुर्चीखाली," मी मान न वळवता म्हटलं.

हसू थांबलं. एकदम थांबलं. मग पहिल्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, आणि त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं, "ही त्याची बायको गं. अजून त्याच्या वस्तू शोधून देतेय."

कोणीतरी हुंदका दिला. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. माझे हात भरून आले होते, पण सोडायची सोय नव्हती.

प्रयोगानंतर सगळ्यांनी वन्संना घेरलं. "काय कल्पना आहे हो! अंकभर दिसली नाही, आणि मरणानंतर दोन काठांच्या मधे उभी!" वन्सं मान डोलवत होत्या. गर्दी पांगल्यावर त्या माझ्याकडे आल्या. आता ऐकावं लागणार म्हणून मी खाली बघत राहिले.

"वहिनी, पुढच्या प्रयोगाला हीच साडी नेस. दोरे काढू नकोस."

"आणि फट?"

"किती आहे ती?"

"एकोणतीस सेंटिमीटर."

"एवढीच राहू दे. आणि तो कंप्युटर लांब ठेव!"

तेव्हापासून मी नाटकात आहे. हे जरा घुश्शात असतात. अंकभर बोलतात ते आणि टाळ्या मला. 'चष्मा कुठाय' हे वाक्य मात्र आता ते जीव तोडून म्हणतात.

कंप्युटरमधली ती ओळ मी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केली बरं का! आधी सगळी आकडेमोड, गोल करायचं ते शेवटी. एकोणतीस सेंटिमीटरची नेमकी पट्टी शिवून कपाटात ठेवली आहे. जोडायला दहा मिनिटंही लागणार नाहीत. पण वन्संना अजून सांगितलेलं नाही. परवा त्यांनीच विचारलं, "वहिनी, जोडपट्टीचं काय झालं गं? जमली का?"

मी म्हटलं, "कंप्युटर म्हणतोय, लागणार नाही!"