केलादी चौकीचं छप्पर

रोहायाने फाईल टेबलावर अशी आपटली की पेल्यातला चहा बशीत आला.

सरहद्दीवरच्या बुकित केलादी चौकीचं छप्पर कधी दुरुस्त होणार, असा प्रश्न खासदार उंगांग यांनी संसदेत टाकला होता. संरक्षण खातं म्हणालं, तिथे पोलीस राहतात, आम्हाला कशाला विचारता. उद्योग खातं म्हणालं, जमीन आमच्या नियोजित वसाहतीत आहे खरी, पण छप्पर काही जमिनीत येत नाही. असं टोलवत टोलवत ते लचांड गृहखात्यात, म्हणजे रोहायाच्या गळ्यात येऊन पडलं. आणि त्याच छपराखाली, अंगावर ताडपत्री ओढून, तीन वर्षं खोकत पडला होता हवालदार जमालुद्दीन. तिचा नवरा.

"लिही, काम प्रगतिपथावर आहे," तिचे साहेब, 'दातुक' किताबवाले इद्रुस, म्हणाले.

"दातुक, गेल्या वर्षी हेच लिहिलं होतं."

"मग सोपं झालं की. तारीख बदल."

रोहायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस तिकडे भिजून मरतोय आणि ह्यांना तारीख बदलायचं सुचतंय! पण नोकरी ती नोकरी. तिने तारीख बदलली. आता उत्तरामागे मंत्र्यांसाठी आणखी एक कागद जोडायचा असतो: सभागृहात कोणते पुरवणी प्रश्न येतील आणि त्यांना काय सांगायचं. अठरा वर्षं ती खासदारांचे प्रश्नही स्वतःच लिहीत होती आणि मंत्र्यांची उत्तरंही. त्या कागदावर तिने सगळा राग काढला. 'छप्पर गळतं का? उत्तर: गळतं. गेल्या वर्षीही गळत होतं आणि आम्ही खोटं बोललो. मी स्वतः तिथे एक रात्र झोपून दाखवतो.'

मन मोकळं झालं, आता फाडून टाकावा म्हणून तिने कागद उचलला, तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. ताप चढला होता, आणि गोळ्या भिजून त्यांचा लगदा झाला होता. ती बोलायला बाहेर गेली आणि परत आली तर टेबल रिकामं. शिपाई फाईल घेऊन गेला होता, कागदासकट.

दुसऱ्या दिवशी ती अधिकाऱ्यांच्या सज्जात जीव मुठीत धरून बसली. मंत्र्यांनी 'प्रगतिपथावर' वाचलं. उंगांग उठले. "गळतं की नाही, एवढंच सांगा." मंत्र्यांनी पान उलटलं आणि त्याच सुरात, न अडखळता, शेवटपर्यंत वाचून काढलं. मग दोन्हीकडची बाकं बडवली जाऊ लागली. मंत्री आधी गोंधळले, मग हसून सगळ्यांना हात दाखवू लागले. संध्याकाळपर्यंत ते देशातले एकमेव खरं बोलणारे मंत्री ठरले होते. मसुदा आपलाच होता, असं दातुक इद्रुस कॅन्टीनमध्ये सांगत फिरत होते. रोहायाला वाटलं, सांगू देत, छप्पर झालं म्हणजे मिळवली.

पंधरा दिवसांनी नवऱ्याचा फोन आला.

"अगं, छप्पर झालं. निळा पत्रा, पंखा, पलंगसुद्धा."

"सुटलो बाई. अहो अबांग, आता तरी कोरडे झोपा."

"मी कुठला झोपतोय? ते छप्पर मंत्र्यांच्या खोलीवर. नवीन बांधली त्यांच्यासाठी. एक रात्र झोपले, फोटो काढले, कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन गेले. आमचं छप्पर आहे तसंच आहे." तो बराच वेळ खोकला. "ताडपत्री मात्र नवी दिली हो."

रोहायाने फोन ठेवून दिला. आणखी बोलली असती तर सगळ्या कचेरीने ऐकलं असतं.

पुढच्या अधिवेशनात उंगांग यांचा प्रश्न आला: केलादी चौकीला नवं छप्पर मिळालं का? दातुक इद्रुस खुशीत होते. "लिही, 'होय'. बघ, या वेळी खोटं बोलायचीसुद्धा गरज नाही."

तिने निमूटपणे 'होय' लिहिलं. मग मागचा कागद घेतला. 'त्या छपराखाली कोण झोपतं? उत्तर: कुणीही नाही. किल्ली माझ्याकडे आहे. ती आजच हवालदार जमालुद्दीन यांच्याकडे पाठवतो, आणि चौकीचं जुनं छप्पर या महिन्यात बदलून देतो.' कागदाला तिने दोन टाचण्या मारल्या आणि फाईल स्वतःच्या हाताने शिपायाला दिली.

मग ती जिन्यात गेली आणि तिने फोन लावला.

"खासदार उंगांग का? मी गृहखात्यातून बोलतेय. उद्या एक पुरवणी प्रश्न विचारायचाय. घ्या लिहून."