पौलस मिस्त्रीची पाणसळ

पौलस मिस्त्री चहाचा कप तोंडाला लावण्याआधी टेबलाची पातळी तपासायचा. कोटाच्या खिशातून पाणसळ काढायची, टेबलावर ठेवायची, एक डोळा मिटायचा आणि जाहीर करायचं, "बुडबुडा हलला!" मग हॉटेलवाल्याने टेबलाच्या पायाखाली लाकडाची कपची सारेपर्यंत चहा गार.

पाणसळ म्हणजे वीतभर लाकडी पट्टीत बसवलेली काचेची नळी. आत पाणी, पाण्यात बुडबुडा. तो बरोबर मध्ये थांबला तरच जग सरळ, असा मिस्त्रीचा धर्म. तसा तो ख्रिस्ती. पण चर्चमध्येही उपदेशाच्या मेजाखाली त्याने पाचर ठोकली होती. "पाळकसाहेब, वचन उताराला लागतंय," म्हणाला. एका लग्नात तर अक्षता पडण्याआधी बोहल्यावर पाणसळ ठेवून नवरदेवाला सांगितलं, "तुमी सखल बाजूला हाय. आत्ताच जागा बदला." नवरदेवाने ऐकलं नाही. पुढे त्याचं घरात किती चाललं, ते मिस्त्री मिटक्या मारत सांगे.

बहात्तरच्या दुष्काळात हा माणूस आमच्या रस्त्यावर आला. सुप्यापासून आत माळावरून जाणारा मुरमाचा रस्ता. दीड-दोनशे माणसं, त्यात बायाच जास्त. मी हजेरी कारकून. मॅट्रिक पास, अक्षर सुवाच्य. त्यामुळे कामावरची सगळी अक्कल आपल्याकडेच आहे, अशी माझी खात्री होती.

सरकारी योजना मोठी दयाळू होती. लोकांना काम मिळावं म्हणून रस्ता, आणि रस्ता पुरा झाला की काम बंद. म्हणजे जो जास्त राबेल तो लवकर उपाशी बसेल, अशी चोख व्यवस्था. हा नियम करणारे साहेब बहुधा जेवण झाल्यावर बैठकीला बसले असावेत.

रस्ता संक्रांतीलाच संपत आला, पण मिस्त्री तो संपू देईना. सकाळी सरूबाईच्या टोळीने मुरूम पसरून चोपला की दुपारी हा हजर. पाणसळ ठेवायची आणि तळहाताचा आडोसा करून बघायचं. पूर्वी तो आपला बुडबुडा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचा. आता कुणाला पाणसळीजवळ फिरकू देत नसे. मला तो हुद्द्याचा माज वाटला.

"बुडबुडा हलला! उकरा सगळं."

"काय मेला मानूस हाय! रस्त्यावर काय गोट्या खेळायच्यात व्हय?" सरूबाई कडाडायची. आणि सगळ्यांच्या आधी कुदळ तीच उचलायची. बिचारी घाबरते, असं मी समजलो.

एकाच तुकड्याची पाच वेळा उकराउकर झाली, तेव्हा माझ्यातला न्यायाधीश जागा झाला. मी मोठ्या साहेबांना निनावी अर्ज लिहिला. मिस्त्री विक्षिप्त आहे, गोरगरीब मजुरांना विनाकारण छळतो, तरी चौकशी व्हावी. लिहून झाल्यावर दोनदा वाचला. फारच छान उतरला होता.

आठवड्यात जीप आली. साहेबांनी रस्त्यावरून एक फेरी मारली आणि बसल्याजागी म्हणाले, "उत्तम रस्ता आहे की! काम पूर्ण. उद्यापासून बंद." अर्ज मिस्त्रीच्या हातात कोंबला. "लोकांना छळत जाऊ नका."

मिस्त्रीने अर्ज पाहिला. रोज माझ्या हजेरीपटावर सही करणारा माणूस तो. त्याने एकदाच माझ्याकडे बघितलं.

जीप गेली. बाया बाभळीला बांधलेल्या झोळ्या सोडू लागल्या. पुढचं काम अकरा मैलांवर होतं. सरूबाई लेकराला पाठीशी बांधून माझ्यासमोर उभी राहिली.

"भाऊसाहेब, त्यो कागद कुनी लिवला वो? मिस्त्री आमच्यासाठी काम लांबवत हुता, हे शेंबड्या पोराला बी ठावं हुतं. ही लेकरं घिऊन आता अकरा मैल कसं जायचं आमी?"

अख्ख्या कामावर ही गोष्ट न कळलेला माणूस एकच होता, आणि तोच मॅट्रिक होता.

"कुनी न्हाई लिवला, सरूबाई," मिस्त्री म्हणाला. "वरच्या हापिसाचा हुकूम हाय. भाऊसाहेबांचा काय इलाज?" आणि अर्जाची घडी करून त्याने खिशात घातली.

बाया माळ उतरून दिसेनाशा होईपर्यंत तो उभा होता. त्याने पाणसळ काढून माझ्या हातात दिली. नळीला लांब चीर गेली होती. आत पाणी नव्हतं, बुडबुडाही नव्हता.

"संक्रांतीच्या आधीच फुटली," तो म्हणाला. "चला, हजेरी मिटवा."

मी हजेरीपट उघडला. सगळी नावं समोर होती, एकूण एक माझ्या सुवाच्य अक्षरात.