सातवं नाव

त्या रविवारी पाळकसाहेबांच्या बायबलात कागदाच्या तीन घड्या होत्या. पहिली प्रवचनाची: अकरा पानं, सेहेचाळीस मिनिटं. दुसरी आजाऱ्यांच्या यादीची: पंधरा नावं, उपासनेत मोठ्याने वाचायची. तिसरी खासगी. ज्यांचा राग येतो आणि ज्यांची गुपितं पोटात ठेवायची आहेत, अशांची नावं कारणासकट लिहून रोज सकाळी त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. राग निवळला, गुपित उघड झालं, की नाव खोडायचं. ही शिस्त पाळकसाहेबांनी बावीस वर्षं मोडली नव्हती. सध्या त्या यादीत नऊ नावं होती. दुसरी आणि तिसरी घडी एकाच वहीतून फाडलेली होती.

प्रवचन संपवून पाळकसाहेबांनी एक घडी हेडसरांच्या हातात दिली आणि ते खुर्चीत बसले. हेडसर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांत सर्वांत ज्येष्ठ. आजाऱ्यांसाठीची प्रार्थना दर रविवारी तेच चालवत.

पाळकसाहेबांनी सहज बायबल उघडलं. आत उरलेल्या घडीवर लिहिलं होतं, ‘१. दूधवाल्या काकू, गुडघा.’

म्हणजे खासगी यादी हेडसरांच्या हातात होती. तिच्यात चौथ्या ओळीवर होतं, ‘ऑर्गनवाल्या ताई. नोकरी गेली, आईला सांगितलेलं नाही.’ ताईंच्या आई तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या. आणि सातव्या ओळीवर, ‘हेडसर. दर बैठकीत माझ्या चुका मोजतात. प्रभू, त्यांना मुकं कर, नाहीतर मला बहिरं कर.’

हेडसर चष्मा पुसत होते. तो ते नेहमी दोन्ही बाजूंनी पुसत.

पाळकसाहेब ताडकन उठले. “हेडसर, आधी एक गीत घेऊ.”

“आत्ता? उपासनेच्या पत्रिकेत नाहीये.”

“तशी प्रेरणा झाली.” प्रेरणेच्या नावावर त्यांनी मारलेली ही पहिलीच थाप. “ताई, एकशे बारा!”

ताईंनी उत्साहाने सूर धरला. मंडळी उभी राहिली. एकशे बाराला दोनच कडवी आहेत, हे पाळकसाहेबांना पहिलं कडवं संपताना आठवलं. ते घाईघाईने हेडसरांजवळ सरकले.

“तो कागद द्या. चुकून दुसराच दिलाय.”

हेडसरांनी घडी कोटाच्या आतल्या खिशात सारली. “पेपर एकदा वाटला की परत मागायचा नसतो, पाळकसाहेब. पस्तीस वर्षांत मी कधी मागितला नाही.”

“अहो, तो माझा खासगी आहे!”

“काय? ऑर्गनच्या आवाजात काही कळत नाही. बसा बघू जागेवर.”

गीत संपलं. मंडळी बसली. उभे राहिले ते फक्त पाळकसाहेब. पहिल्या बाकावरून पाळकीणबाईंनी डोळे वटारले, तेव्हा तेही बसले. त्यांचे कान तापले होते. बावीस वर्षांत त्यांच्याकडून एकही गुपित फुटलं नव्हतं. आता ताईंचं फुटणार होतं, तेही ध्वनिक्षेपकावर.

हेडसरांनी घडी उलगडली आणि तोंड उघडलं. मग मिटलं. त्यांची नजर ओळीओळीने खाली गेली. एका ओळीवर ती थांबली. त्यांनी चष्म्यावरून पाळकसाहेबांकडे पाहिलं. शाळेत मागच्या बाकावर काय चाललंय हे कळल्यावर ते असेच बघत असणार.

“आज यादीत नऊ जण आहेत,” ते म्हणाले. “नावं देवाला ठाऊक आहेत. आपण एकेकासाठी गप्प राहून प्रार्थना करू. पहिला.”

सगळ्यांनी डोळे मिटले. “दुसरा.” कोणीतरी खोकलं. “चौथा” म्हणताना त्यांनी ऑर्गनकडे पाहायचं कटाक्षाने टाळलं. “सातवा” म्हटल्यावर मात्र ते बराच वेळ थांबले. एवढे, की दूधवाल्या काकूंनी डोळे उघडून शेजारणीला विचारलं, “गेला की काय गं सातवा?”

उपासनेनंतर हेडसरांनी दारातच घडी परत केली. पाळकसाहेब खाली मान घालून म्हणाले, “सर, ते सात नंबरचं...”

“चार नंबरचं माझ्या तोंडून जाणार नाही. सात नंबरचं बैठकीत बघू,” असं म्हणून ते निघून गेले.

घरी येऊन पाळकसाहेबांनी कागद उघडला. नवव्या नावाखाली लाल शाईत, वळणदार अक्षरात एक ओळ वाढली होती: ‘१०. पाळकसाहेब. प्रवचन वेळेत आटपण्याची बुद्धी दे.’

“बघ, काय लिहिलंय!” त्यांनी कागद बायकोपुढे धरला.

पाळकीणबाईंनी तो दोनदा वाचला. “सरांनी आज लिहिलं. मी सात वर्षं मागतेय,” असं म्हणून त्या पानं वाढायला गेल्या.

पुढच्या रविवारी प्रवचन बावीस मिनिटं चाललं. खासगी यादीत सातवं आणि दहावं खोडून आठ नावं उरली होती.