पुकेको जन्मतःच का मरतो

माझी ओळख करून द्यायची वेळ सहसा येत नाही, कारण ती मी आधीच करून दिलेली असते. तरीही ज्यांच्यापर्यंत ती पोचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मी चारुदत्त. दक्षिण गोलार्धातला बहुधा एकमेव मराठी बग-गुप्तहेर. दिवसा मी ऑकलंडच्या एका कंपनीत दुधाच्या टँकरांच्या वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर तपासतो, पण ते पोटासाठी. माझी नजर इतकी तीक्ष्ण आहे की चांगल्या चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे मी नुसतं पाहिलं तरी तो बंद पडतो. साहेबांनी म्हणूनच मला खिडकीकडे तोंड करून बसवलं आहे.

२००६ सालातल्या त्या शनिवारी सकाळी शिरीषचा फोन आला. शिरीष माझा पुण्यापासूनचा मित्र, आता राहतो न्यू लिनमध्ये, माझ्या घरापासून दोन वळणांवर.

"चारू, सासूबाई समोर बसल्या की तो मरतो."

"कोण?"

"पुकेको."

पुकेको हा इकडचा पक्षी. अंग निळं, चोच लाल, पाय उसने आणल्यासारखे लांब. मोटरवेच्या कडेला फिरतो आणि ट्रक अंगावर आला की विचार करत उभा राहतो. शिरीषने या पक्ष्यावर व्हिडिओ गेम लिहिला होता. आजच्या मशीनसाठी नव्हे. आपल्या लहानपणी ज्यात कॅसेट घालायचो, तसलं एक आठ-बिटी खेळणं त्याला कुठल्याशा गराज सेलमध्ये मिळालं होतं, त्याच्यासाठी. त्यापायी आठवड्यातला एक दिवस त्याने ऑफिसातून काढून घेतला होता. बायको कौमुदी हॉस्पिटलात फार्मासिस्ट, तिने हे सोसलं. पण तिची आई, आशालताबाई, पाच महिने इथे राहून जावई शुक्रवारी घरी बसून नक्की काय करतात ते पाहत होत्या, आणि त्यांना दिसत होतं ते एवढंच: पडद्यावर पक्षी येतो, 'भूक लागून मेला' अशी पाटी झळकते, जावई केस ओढतात.

"उद्या त्यांचं विमान आहे," शिरीष म्हणाला. "पक्षी रस्ता ओलांडून शेवटी ज्या डेअरीत पोचतो ना, त्या डेअरीवर मी त्यांचं नाव लिहिलंय. 'आशालता'. एवढ्याशा ठिपक्यांत देवनागरी बसवायला मला आख्खा हिवाळा लागला. त्यांनी ते बघायला हवं रे. नाहीतर पुण्यात जाऊन त्या एवढंच सांगणार, जावई पक्षी उपाशी मारतात."

डेअरी म्हणजे इथे कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान. मी माझं भिंग घेतलं आणि निघालो.

"किया ओरा," मी दारात म्हटलं. गुन्ह्याच्या जागी मी नेहमी स्थानिक भाषेत प्रवेश करतो.

"या," आशालताबाई म्हणाल्या. "पोहे खाणार?"

मी खाल्ले. साक्षीदाराला बोलतं करायची ही पहिली पायरी आहे. दुसऱ्या बशीनंतर मी तपास सुरू केला.

"मूळ तक्रार सांग, शिरीष."

"लॅपटॉपवर, नकली मशीनमध्ये, म्हणजे त्या खेळण्याची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालवला तर गेम उत्तम चालतो. खऱ्या मशीनवर मी एकटा खेळतो तेव्हाही चालतो. आई येऊन बसल्या की पहिल्याच क्षणी पक्षी मरतो. त्या 'बरं' म्हणून आत जातात. मी परत सुरू करतो, तर पठ्ठ्या तुरुतुरु चालतो."

"उघड आहे," मी म्हणालो. "आपण पृथ्वीच्या खालच्या बाजूला आहोत. मेमरीतले आकडे इथे उलटे फिरतात."

"मग लॅपटॉपमध्ये का नाही फिरत?"

"लॅपटॉप भारतातून आणलाय ना?"

शिरीषने तो इथल्याच दुकानातून घेतला होता. हा सिद्धांत मी मोठ्या मनाने मागे घेतला.

मग मी लॅपटॉपवर नजरखिडकी उघडली. हे आमच्या धंद्यातलं मुख्य हत्यार. प्रोग्रॅममधल्या कुठल्याही आकड्यावर पहारा बसवता येतो, तो हलला की इथे दिसतं. पक्षी भुकेने मरतो, तेव्हा पहिला संशयित 'भूक' नावाचा आकडा. शंभराच्या वर गेला की पक्षी खलास. मी त्याच्यावर दुपारपर्यंत डोळे रोखून बसलो. सुरुवातीला शून्य. पक्षी चालला की एकेक वाढायचा. गांडूळ खाल्लं की कमी व्हायचा. इतका सरळमार्गी आकडा मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"हा निर्दोष आहे," मी जाहीर केलं. "संशय आता एकाच व्यक्तीवर."

आम्ही दोघांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आशालताबाई मेथी निवडत होत्या.

"हळू बोल," शिरीष म्हणाला.

"त्यांची साडी नायलॉनची आहे. खाली लोकरीचा गालिचा. चालताना त्या वीज निर्माण करतात, शिरीष. त्या बसतात, ठिणगी उडते, पक्षी जातो."

"मी आईंना हे सांगणार नाही."

"मी सांगतो."

मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कौमुदीचे जँडल पायात चढवले. जँडल म्हणजे आपल्या रबरी स्लिपर. मी दक्षता म्हणून सगळी यंत्रं भिंतीवरून बंद केली, बाईंना सोफ्यावर स्थापित केलं, पुन्हा सगळं लावलं. शिरीषने बटण दाबलं. पक्षी आला. भूक लागून मेला.

"रबर निर्दोष," मी म्हणालो.

"काढू का आता?" बाईंनी विचारलं. "अंगठ्याला घासतायत."

तेवढ्यात कौमुदी ड्यूटीवरून आली. तिने जँडल घातलेली आई पाहिली, गालिच्यावर भिंग घेऊन पालथा पडलेला मी पाहिला, आणि नवऱ्याला म्हणाली, "बॅगा कोण भरणार आहे?"

वेळ संपत आली होती. मी शेवटचं अस्त्र काढलं, थेट उलटतपासणी.

"आशालताबाई, आम्ही कोणी घरात नसताना तुम्ही या यंत्राला काही करता?"

"मी कशाला हात लावू? फक्त भिंतीवरचं बटण बंद करते. दिवसभर तो लाल दिवा जळत असतो. रोज करते. सगळ्यांचंच करते, मायक्रोवेव्हचंसुद्धा."

मी शिरीषकडे पाहिलं. शिरीष पडद्याकडे पाहू लागला.

"तुला माहीत होतं?"

"रोज संध्याकाळी मीच परत लावायचो."

"मला सांगितलं का नाहीस?"

"मग तू त्यांना सांगितलं असतंस. आई आहेत रे. बंद नका करू, असं कसं म्हणायचं?"

"अहो, म्हणायचं की," बाई म्हणाल्या. "मला काय कळतंय त्यातलं. मला तर पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न पडलाय. हा बिचारा आत्ता कुठे आला. आल्याआल्या एवढी भूक? मागच्या घरून उपाशी निघाला होता का?"

मी सहृदयतेने हसलो. शिरीष हसला नाही. तो लॅपटॉपवर झडप घालून कोड वरखाली करू लागला.

"सुरू होताना भूक शून्य करायची, हे मी लिहिलंच नाहीये," तो म्हणाला. "मेल्यावर परत खेळताना शून्य करतो, ते लिहिलंय. पहिल्या वेळचं राहिलं."

"का?" कौमुदीने विचारलं.

"मला वाटलं, ते मशीनला समजेल. पक्षी आत्ता जन्मलाय, त्याला कुठली भूक."

"जन्मल्यावर पहिली भूकच लागते," बाई म्हणाल्या. "दोन पोरी वाढवल्यात मी."

तर प्रकार असा होता. नकली मशीन शहाणं, मेमरी आधी पुसून शून्य करून हातात देतं. खरं मशीन भिंतीवरून बंद करून लावलं की मेमरीत वाटेल तो कचरा पडलेला असतो, आणि तोच कचरा पक्ष्याची शंभरावरची भूक ठरत होता. शिरीष एरवी मशीन कधी बंदच करायचा नाही, नुसता डाव परत मांडायचा, म्हणून त्याला ते कधी दिसलं नाही. बाईंनी बंद केलेलं मशीन तो संध्याकाळी लावायचा, तेव्हा मात्र पहिला डाव बघायला बाई शेजारी असायच्याच. हे सगळं अर्थात मी पोहे खातानाच ओळखलं होतं. फक्त कोणी विचारलं नव्हतं.

शिरीषने एक ओळ लिहिली. गेम पुन्हा कॅसेटीत भरला. मग तो सासूबाईंकडे वळला आणि, मी त्याला ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदा, त्यांना काहीतरी सरळ सांगितलं.

"आई, भिंतीवरचं बटण तुम्हीच बंद करा. आणि तुम्हीच लावा."

त्यांनी बंद केलं. लावलं. सोफ्यावर बसल्या, या वेळी अनवाणी. पक्षी आला. उभा राहिला. ट्रक आला, पक्ष्याने विचार केला, ट्रक गेला. पक्ष्याने रस्ता ओलांडला. गांडूळ खाल्लं. कौमुदी बॅगा विसरून सोफ्याच्या हातावर टेकली. शेवटी हिरवळीपलीकडे ती डेअरी आली, पिवळ्या खिडक्यांची, आणि वर पाटी. थोडी वाकडी, पण मराठीच.

आशालताबाई पुढे वाकल्या. चष्मा वर केला, खाली केला. ओठ हलवत अक्षर अक्षर वाचलं.

"शिरीषराव," त्या म्हणाल्या, "दुकान माझं ना?"

"हो, आई."

"मग भरदिवसा आतले दिवे का चालू आहेत?"

शिरीषने तिथेच बसून चारही खिडक्या काळ्या केल्या. त्या होईपर्यंत बाई शेजारी बसून होत्या, आणि एक राहिली तर बोट ठेवून दाखवत होत्या.

केस सोडवून मी निघालो. टेबलावर माझा मोबाइल चार्जिंगला लावला होता, तो उचलला. बॅटरी संपून मेला होता. भिंतीवरचं बटण बंद होतं.