वीसपैकी वीस

"आई, हा तुमचाच तक्ता आहे," सून म्हणाली आणि तिनं तो कागद चिरलेल्या भाजीशेजारी ठेवला. "दोन वर्षांच्या मुलाला यातल्या वीस गोष्टी यायला हव्यात. आपल्या राजांना तीन येतात."

"चार," बाई म्हणाल्या. "जिना चढतात."

"जिना धरूनच तीन म्हटलं."

राजे म्हणजे नातू. घरात सगळे त्याला राजे म्हणत, कारण हाक मारली तर राजे ओ देत नसत. सुरुवातीला ती गंमत होती. हल्ली ते नाव घेताना सुनेला हसू येत नसे.

बाई आरोग्य केंद्रात लहान मुलांची विकास तपासणी करत. दहा लाकडी ठोकळे, एक घंटी, कप-चमचा आणि एका डोळ्याची बाहुली, एवढ्या भांडवलावर त्यांनी एकोणीस वर्षांत हजारो मुलं तपासली होती. ज्याचं काही मागे राहतंय असं दिसे, त्याला त्या पुढच्या उपचार केंद्राची चिठ्ठी देत. रडणाऱ्या आयांना त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : "जितकं लवकर कळेल तितकं बरं. या वयात एक महिना म्हणजे एक वर्ष." ते इतकं तोंडपाठ झालं होतं की घरी येताना त्या ते केंद्रातच ठेवून येत.

"मुलगे उशिराच बोलतात," त्या सुनेला म्हणाल्या. "याचा बापसुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत गप्प होता."

"आता तरी कुठे बोलतो?"

बाप समोरच जेवत होता. तो काही बोलला नाही.

पुढच्या मंगळवारी बाईंनी केंद्रात "नंबर सतरा!" अशी हाक मारली, तर समोर राजांना कडेवर घेऊन सून उभी. रीतसर रांगेत थांबून, नंबर घेऊन आली होती. घरच्या माणसानं घरचं मूल तपासायचं नाही असा नियम होता, पण दुसऱ्या तपासणीबाई रजेवर होत्या आणि मागे अठरा ते एकतीस नंबरची माणसं ताटकळत होती. सगळी ओळखीची. यातल्या कितीतरी जणींना बाईंनी मोठ्या तोऱ्यात चिठ्ठ्या दिल्या होत्या.

बाईंनी राजांना समोर बसवलं आणि हाक मारली. राजे छतावरचा पंखा बघत राहिले. दारातल्या शिपायानं मात्र वळून पाहिलं. कुणीतरी वळलं, एवढ्यावर बाईंनी बरोबरची खूण केली. ती पहिली खूण करताना त्यांचा हात जरा थांबला. दुसरीला कमी थांबला. बाहुलीला चमच्यानं भरवायचं होतं; राजांनी बाहुलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "पोट भरलंय तिचं," असं पुटपुटत बाईंनी तिथंही खूण केली. मग पेन जे सुटलं ते विसाव्या ओळीलाच थांबलं.

सुनेनं कागद वाचला. "दोन शब्द जोडून बोलतो. कुठले हो दोन शब्द, आई?"

"मागे लोक आहेत," बाई हळूच म्हणाल्या. "घरी बोलू."

पण घरी सून चार दिवस त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

पाचव्या दिवशी केंद्रप्रमुख उड्या मारतच बाईंच्या टेबलाशी आले. "बाई, नाव काढलंत! वर्षभरात एकाही मुलाला वीसपैकी वीस नाहीत. कुणी रडतं, कुणी झोपतं, कुणी ठोकळा चघळतं. कॉम्प्युटरनं एकच मूल वर काढलंय, ते तुमचं! मुख्य कार्यालयातल्या मॅडम स्वतः येतायत. प्रशिक्षणासाठी व्हिडिओ करायचाय, आदर्श बालक म्हणून."

बाई घाईघाईनं म्हणाल्या, "त्याला ताप आहे."

"शुक्रवारी आहे हो कार्यक्रम."

"शुक्रवारीसुद्धा असेल."

"मग त्याच्या पुढच्या शुक्रवारी!" केंद्रप्रमुख मोठ्या मनानं म्हणाले.

बाईंनी ठोकळ्यांचा डबा घरी नेला. हाताशी दिवस मोजके होते, पण मूल आपलं आणि अनुभव एकोणीस वर्षांचा. निदान पाच-सहा गोष्टी तरी घोटून घेऊ, असा त्यांचा हिशेब होता. रोज संध्याकाळी त्या राजांसमोर जमिनीवर बसायच्या. त्या मनोरा रचायच्या. राजे तो मोडून भिंतीलगत ठोकळ्यांची रांग लावायचे. त्या समोरून हाक मारायच्या, मागून मारायच्या, कानाशी मारायच्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या, भोवरा दाखवला, तोंड लपवून भोऽऽ केलं. राजे त्यांच्या आरपार भिंतीकडे बघत राहिले. चौथ्या दिवशी बाईंचा घसा बसला.

एकोणीस वर्षांत कुठलंही मूल त्यांनी दहा मिनिटांपेक्षा जास्त पाहिलं नव्हतं. दहा मिनिटांनी मूल उठून जाई आणि त्या पुढच्या नंबराला हाक मारत. त्यानंतर ते ज्या घरात जाई, तिथल्या संध्याकाळी कशा असतील हे त्यांना आता समजू लागलं. आठव्या दिवशी त्यांनी ठोकळे डब्यात भरले. सून दारात उभी होती.

"तू हे कधीपासून बघतेयस?" बाईंनी बसक्या आवाजात विचारलं.

"दीड वर्षाचे झाले तेव्हापासून."

"मला सांगायचंस ना."

"रोज सांगत होते, आई."

कार्यक्रमाच्या दिवशी केंद्रात सतरंजी, दोन दिवे, कॅमेरा आणि मॅडम. राजांना मध्ये बसवलं. मॅडमनी लाडानं हाक मारली. राजे ठोकळ्यांची रांग लावत राहिले.

"काय एकाग्रता!" मॅडम म्हणाल्या.

"असल्या हाकांना मुळी भीकच घालत नाही तो," केंद्रप्रमुख कौतुकानं म्हणाले.

मॅडमनी बाहुली दाखवली. राजांनी ती न बघताच बाजूला सारली. "निर्णयक्षमता!" केंद्रप्रमुखांनी टिपून घेतलं. एवढ्यात कॅमेरावाल्याचा पाय लागून रांगेतला एक ठोकळा सरकला आणि राजांनी जी किंकाळी फोडली, ती ऐकून दिवेवाला दोन पावलं मागे गेला. राजे जमिनीवर डोकं आपटू लागले. सुनेनं धावत जाऊन आपला तळहात राजांच्या डोक्याखाली घातला. प्रत्येक आपटणं ती हातावर झेलत होती.

"बंद करा तो कॅमेरा," बाई उभ्या राहिल्या. "याला यातलं काही येत नाही. मी खोट्या खुणा केल्यात."

कॅमेरावाल्यानं मॅडमकडे पाहिलं. मग मॅडम हसल्या. "बाई, एवढा विनय बरा नव्हे. गर्दीला बुजलाय तो. एक चांगला शॉट मिळालाय आपल्याला, पुरे तेवढा."

त्या गेल्यावर बाईंनी केंद्रप्रमुखांपुढे चिठ्ठीचा कोरा फॉर्म ठेवला. "नातवाला उपचार केंद्राची चिठ्ठी द्या."

केंद्रप्रमुखांचा चेहरा पडला. "वीसपैकी वीसवाल्याला चिठ्ठी? कॉम्प्युटर घेत नाही, बाई. पास झालेल्या मुलाची फेरतपासणी आता थेट सहा महिन्यांनी."

"सहा महिने? या वयात एक महिना म्हणजे..." बाईंना पुढचं वाक्य उच्चारवेना.

"एकच वाट आहे. पालकांनी लेखी तक्रार करायची की तपासणाऱ्यानं खोटे गुण दिले. पण तशी आजवर कुणी केलेली नाही. मूल पास झालं म्हणून कोण भांडायला येतं?"

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात सासूनं सांगितलं आणि सुनेनं लिहिलं.

"'हलगर्जीपणा केला,' असं लिही."

"'जाणूनबुजून' लिहू?"

बाईंनी कागदात डोकावून पाहिलं. "लिही. आणि 'सदर महिला' म्हण. 'आमच्या आई' असं लिहिलंयस तू."

सुनेनं 'आमच्या आई' खोडलं. मग पेन खाली ठेवून ती रडायला लागली. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाल्या, "कागद भिजवू नकोस, दुसरा नाहीये." बाईंच्या मुलानं मुकाट्यानं सही केली.

दहा दिवसांनी दोन पाकिटं एकदमच आली. पहिलं बाईंचं. त्यांना तपासणीच्या टेबलावरून काढून जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं होतं आणि चौकशी होईपर्यंत तक्रारदार कुटुंबाशी कोणत्याही प्रकारे संपर्क ठेवू नये, अशी ताकीद होती. मुलानं ती मोठ्यानं वाचली. वर्षभरात त्याचं तेच सगळ्यांत लांब भाषण झालं.

दुसऱ्या पाकिटात राजांची चिठ्ठी होती. उपचार केंद्रातली पहिली भेट : पाच महिने वीस दिवसांनी.

"म्हणजे एवढं करून सहा महिन्यांतले दिवस वाचले किती?" मुलगा म्हणाला.

"दहा," बाई म्हणाल्या.

"चिठ्ठी यायलाच दहा गेले," सून म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून सून राजांना घेऊन उपचार केंद्राच्या बाकावर जाऊन बसू लागली. कुणी ठरलेल्या वेळेला आलं नाही, तर त्याच्या जागी घेतील म्हणून. बाईंनी रजा टाकली आणि त्याही गेल्या. नियम म्हणून बसमध्ये दोन सीट सोडून बसल्या आणि केंद्रात बाकाच्या दुसऱ्या टोकाला.

"तुम्ही एकत्र आहात का?" खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

"छे," बाई म्हणाल्या. "आमचा संपर्क नाही."

नऊ दिवस कुणी गैरहजर राहिलं नाही. दहाव्या दिवशी एक कुटुंब आलं नाही. कारकुनानं राजांचं नाव पुकारलं. राजे वळले नाहीत. दोन्ही बायका एकदम उठल्या.

"मुलाबरोबर एकानंच यायचं."

बाई खाली बसल्या. दार लागलं. आतून ठोकळे सांडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. बाई बंद दाराकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं त्या नेहमी दाराच्या आतल्या बाजूला होत्या.

दार किलकिलं झालं आणि सुनेनं डोकं बाहेर काढलं. तिचा चेहरा पांढराफटक होता.

"आई, आत या."

"अगं, चौकशी चालू आहे..."

"चौकशी गेली खड्ड्यात. मला एकटीला नाही ऐकवणार."

बाई आत गेल्या. टेबलापलीकडच्या डॉक्टरांनी कागद पुढे ओढला आणि चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं. "काही प्रश्न आहेत. उत्तरं कोण देणार?"

बाईंनी राजांना मांडीवर घ्यायला हात पुढे केले.

"हिला विचारा," त्या म्हणाल्या. "ही खरं सांगते."