पाद्र्याची नववी चौकट

ओमानमधल्या सोहारच्या आमच्या कारखान्यात बावतीस अंकल दिवसभर पाइपांची ड्रॉइंग्ज काढतात आणि जेवणाच्या सुट्टीत एका स्कॉटिश पाद्र्याची वंशावळ. हा पाद्री जुन्या काळी जहाजात बसून अमेरिकेला गेलेला. अंकल वसईचे. दोघांचा संबंध काय, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं आणि माझा डबा गार झाला.

झालं होतं असं, की अंकलच्या जुन्या स्कॉटिश साहेबाने आपल्या घराण्याचे कागद त्यांना दिले. एका मोठ्या कागदावर सगळं नीट काढून दे म्हणाला. पुढे साहेब मायदेशी गेला आणि तिथेच वारला. काम मागणारं कोणी उरलं नाही, तरी अंकल अमेरिकेतल्या चर्चना ईमेल पाठवतच राहिले.

"साहेब गेला म्हणून ड्रॉइंग कॅन्सल होतं काय रे?"

वंशावळही त्यांनी पाइपलाइनसारखीच काढलेली. बायको बाजूने येऊन जोडलेली, खाली पोरांचे फाटे. जिथे माहिती नाही तिथे चौकटीत आमच्या धंद्यातला शब्द, 'होल्ड'. म्हणजे माहिती येईपर्यंत हात लावायचा नाही.

मी ड्रॉइंग तपासणारा, दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेणारा. एकदा कागद माझ्यापुढे आला.

"अंकल, फादरला नऊ पोरं?"

"प्रोटेस्टंट तो, साळव्या. त्यांच्यात चालतं."

"पण तुमचा लागतो कोण?"

"कोण नाय. म्हणून तर नीट पायजे. तुझ्या पणजोबाचं नाव काय?"

मला गाडीचा नंबर आठवला, वायफायचा पासवर्डही आठवला. पणजोबा काही आठवेनात. चिपळूणला आईला फोन लावला, तर ती घाबरून म्हणाली, "आत्ता कशाला? कोण गेलं?"

या महिनाअखेर अंकल निवृत्त होऊन कायमचे वसईला जायचे होते. सगळ्या चौकटी भरल्या, एक सोडून. नववं मूल, मुलगी, होल्ड. "होल्ड ठेवून मी जात नाय," म्हणून त्यांनी विमानाचं तिकीटच काढलं नाही. व्हिसा संपत आला. एचआरमधली बाई रोज तगादा लावी आणि मी कॅन्टीनमध्ये अंकलची नक्कल करून सगळ्यांना हसवायचो. फार चांगली जमायची मला.

काल उत्तर आलं. चर्चच्या वहीच्या पानाचा फोटो, त्यात एकच ओळ. मुलगी, जन्मली त्याच दिवशी वारली, नाव ठेवलं नव्हतं.

"खलास, अंकल!" मी म्हटलं. "'नाव नाही' लिहा आणि काढा तिकीट."

अंकल चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "आमची पण एकच दिवस होती. मी इथे होतो. बायको फोनवर म्हणाली, नाव सांगा. मी म्हटलं, थांब, येतो, मांडीवर घेऊन सांगतो. पोचलो तेव्हा पुरलेली. वहीत नुसतं 'मुलगी'."

मला माझी इतकी लाज वाटली की काय सांगू. त्या नकलेला हसलेले सगळे चेहरे डोळ्यांपुढे आले.

"ते नाव तसंच पडून आहे माझ्याकडे," अंकल हळूच म्हणाले. "इथे लिहू काय? तू चेकर. तू नाय म्हणालास तर नाय."

नियमाने मी नाही म्हणायला हवं होतं. मी माझं पेन पुढे केलं.

त्यांनी चौकटीत बारीक अक्षरांत 'फिलोमिना' लिहिलं. शाई केव्हाच वाळली, तरी ते कितीतरी वेळ तिच्यावर हळूहळू फुंकर घालत बसले होते.